चाकणच्या प्रेस शॉपपर्यंत ईएसजीची शीट का आली, आणि ती भरायची कशी

एका कारखानदाराचा प्रश्न थोडक्यात असा आहे. चाकण एमआयडीसीत प्रेस शॉप आणि पावडर कोटिंग आहे, उलाढाल 40 कोटींच्या घरात. त्यातला सुमारे 30 टक्के माल एका मोठ्या सूचीबद्ध वाहन कंपनीला जातो. तिथून साठ-सत्तर प्रश्नांची ईएसजी (पर्यावरण, समाज आणि कारभार) शीट आली आहे. वीज, पाणी, कचरा, अपघात, महिलांचा पगार, सगळंच विचारलंय. ही भरणं कायद्याने बंधनकारक आहे का, आकडे काढायचे कसे, आणि दरवर्षी करतो ते वृक्षारोपण कुठे दाखवायचं?

आधी कायद्याचं बघू. तुमच्यावर थेट बंधन नाही. बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा वार्षिक अहवाल, शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या 1,000 सूचीबद्ध कंपन्यांना लावला आहे, पुरवठादारांना नाही. त्या कंपन्यांनी आपल्या पुरवठा साखळीची माहिती द्यावी असं जुलै 2023 च्या परिपत्रकात आलं खरं, पण 28 मार्च 2025 च्या परिपत्रकाने ते बरंच सैल केलं. आता पहिल्या 250 कंपन्यांनी 2025-26 पासून ही माहिती ऐच्छिक द्यायची आहे. तीही फक्त अशा भागीदारांची, ज्यांचा एकट्याचा वाटा कंपनीच्या एकूण खरेदीत किंवा विक्रीत 2 टक्के किंवा जास्त आहे. हिशेब करून बघा. तुमची विक्री 12 कोटींची. त्या कंपनीची वार्षिक खरेदी 6,000 कोटींची धरली, तरी 2 टक्के म्हणजे 120 कोटी. तुम्ही त्या रेषेच्या आसपासही नाही.

मग शीट का आली? खरेदी विभागाने अनेकदा सगळ्याच व्हेंडरना सरसकट पाठवलेली असते, हे एक. पण त्यापलीकडे दोन खरी कारणं आहेत. त्या कंपनीला स्वतःच्या स्कोप 3 उत्सर्जनाचा, म्हणजे विकत घेतलेल्या मालामागच्या उत्सर्जनाचा आकडा हवा असतो. आणि तिच्या परदेशी ग्राहकांनी किंवा गुंतवणूकदारांनी तोच प्रश्न तिला विचारलेला असतो. तुम्ही आकडा दिला नाही, तर त्यांचा सल्लागार तुमच्याकडून घेतलेल्या मालाच्या रुपयांना एका सरासरी गुणकाने गुणून मोकळा होतो. मग तुम्ही छतावर सोलर बसवा, नवा कॉम्प्रेसर घ्या, त्यांच्या कागदावर तुमचं उत्सर्जन तेवढंच राहतं. उलट तुम्ही भाव वाढवलात की उत्सर्जनही वाढलेलं दिसतं! म्हणून शीट भरा, पण कायद्याच्या धाकाने नाही. धंद्याचा भाग म्हणून भरा, आणि भरताना विचार करून भरा.

या अहवालांची तऱ्हा गेल्या काही वर्षांत कशी बदलली हे माहीत असेल तर शीटमधले प्रश्न असे का आहेत ते कळतं. 2012 मध्ये सेबीने पहिल्या 100 कंपन्यांना बीआरआर, म्हणजे बीआरएसआरचा आधीचा अवतार, लावला, पुढे 500 आणि मग 1,000 कंपन्यांना. त्या फॉर्ममध्ये नऊ तत्त्वांपुढे 'धोरण आहे का?' असे रकाने होते आणि बहुतेक सगळे त्यात 'होय' लिहीत. उरलेली जागा रोपं लावतानाच्या आणि वह्या वाटतानाच्या फोटोंची. मे 2021 मध्ये बीआरएसआर आला, 2022-23 पासून सक्तीचा झाला, आणि 'होय'च्या जागी आकडे आले: किती गिगाज्यूल ऊर्जा, किती किलोलिटर पाणी, किती टन कचरा आणि तो गेला कुठे. जुलै 2023 मध्ये पुढची पायरी आली, बीआरएसआर कोअर. यातल्या नऊ बाबींचे निवडक आकडे बाहेरच्या त्रयस्थाकडून तपासून घ्यायचे. 2023-24 मध्ये पहिल्या 150 कंपन्या, मग 250, मग 500, आणि 2026-27 मध्ये पूर्ण 1,000. मार्च 2025 नंतर या तपासणीला 'अशुरन्स' किंवा 'असेसमेंट' असे दोन पर्याय आहेत. तपासणाऱ्याने त्याच कंपनीला सल्ला देण्याचं काम केलेलं चालत नाही.

फोटोतून आकडा आणि आकड्यातून तपासलेला आकडा, असा हा प्रवास आहे. त्यामुळे ईएसजीचं काम आता एचआर किंवा जनसंपर्काकडून हिशेबाच्या टेबलावर आलंय, आणि तुमच्याकडेही ते अकाउंट्समध्येच द्या. ज्याला पावती क्रमांकाशिवाय नोंद करायची सवय नाही, असा माणूस या कामाला हवा.

आता प्रत्यक्ष आकडे. उदाहरणासाठी वर्षाचा वापर असा धरू: महावितरणची वीज 4,80,000 युनिट, डीजी सेट आणि स्वतःच्या टेम्पोला मिळून डिझेल 6,000 लिटर, कोटिंगच्या ओव्हनला 19 किलोचे 100 एलपीजी सिलिंडर, आणि ऑफिसच्या एसीत वर्षभरात भरलेला आर-410ए गॅस 5 किलो.

विकत घेतलेली वीज म्हणजे स्कोप 2. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी ग्रिडचा सरासरी उत्सर्जन गुणक जाहीर करतं. 2023-24 साठी तो दर मेगावॅट-तासाला 0.727 टन कार्बन डायऑक्साइड आहे. 480 गुणिले 0.727, म्हणजे सुमारे 349 टन. तुमच्या आवारात किंवा तुमच्या गाड्यांत जळतं किंवा गळतं ते स्कोप 1. डिझेल लिटरला सुमारे 2.68 किलो धरलं तर 16.1 टन. एलपीजी 1,900 किलो, किलोला सुमारे 2.98 किलो, म्हणून 5.7 टन. आणि तो पाच किलो एसीचा गॅस? आर-410एची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या 1,924 पट धरतात, म्हणजे 9.6 टन. सगळ्या एलपीजीपेक्षा जास्त. तरी हाच रकाना बहुतेक शीटमध्ये कोरा असतो, कारण एसीवाल्याच्या बिलात नुसतं 'गॅस चार्जिंग' लिहिलेलं असतं, किती किलो ते नसतं. पुढच्या वेळी त्याला गॅसचं नाव आणि वजन बिलावर लिहायला सांगा.

स्कोप 1 झाला 31.4 टन, स्कोप 2 झाला 349, एकूण 380. उलाढाल 40 कोटी, म्हणजे कोटीमागे साडेनऊ टन. त्या कंपनीचा वाटा 30 टक्के धरला तर 114 टन. ऊर्जेच्या रकान्यात हेच गिगाज्यूलमध्ये मागतात: एक मेगावॅट-तास म्हणजे 3.6 गिगाज्यूल, डिझेलच्या लिटरला सुमारे 36 मेगाज्यूल, एलपीजीच्या किलोला सुमारे 47. सगळं मिळून साधारण 2,030 गिगाज्यूल होतील.

विजेत सगळ्यात जास्त चुका होतात, आणि त्या गणिताच्या नसतात. तुमचं कनेक्शन उच्चदाब असेल तर 1 एप्रिल 2020 पासून बिलाची आकारणी केव्हीएएचवर, म्हणजे पॉवर फॅक्टर धरून काढलेल्या युनिटांवर होते. पैसे त्यावर लागतात म्हणून अकाउंट्सच्या माणसाची नजर त्याच आकड्यावर जाते. शीटला मात्र केडब्ल्यूएच, म्हणजे प्रत्यक्ष वापरलेली युनिटं हवीत. पॉवर फॅक्टर 0.95 असेल तर इथेच पाच टक्क्यांची चूक होते. दोन्ही आकडे बिलावर असतात, योग्य तो घ्या. दुसरी चूक गुणकाची. इंटरनेटवर 0.82 हा जुना गुणक अजून फिरतोय, तो वापरला तर उत्सर्जन फुगतं. कोणत्या वर्षाचा गुणक घेतला ते शीटवर लिहा, कारण गुणक दरवर्षी बदलतो, आणि तुम्ही काहीही न करता पुढच्या वर्षी आकडा वर-खाली होऊ शकतो. तिसरी चूक सोलरची. छतावर तयार झालेली वीज एकूण ऊर्जेत धरायची, 'नवीकरणीय' म्हणून. कारखान्यात वापरलेल्या त्या युनिटांचं उत्सर्जन शून्य. पण ग्रिडला दिलेली युनिटं ग्रिडकडून घेतलेल्या युनिटांतून वजा करून टाकतात, ते चालत नाही. नेट मीटरिंगच्या बिलात वजावट होते म्हणून कार्बनच्या हिशेबातही होते असं नाही. आयात, निर्यात, निर्मिती असे तीन रकाने वेगळे ठेवा. गाळा भाड्याचा असेल आणि मीटर मालकाच्या नावावर असेल, तरी वापर तुमचा आणि स्कोप 2 सुद्धा तुमचाच.

कोटिंगचं काम पुढे बाहेर जॉबवर्कला दिलंत तर तुमचं स्कोप 1 त्या एलपीजीपुरतं खाली येईल. तो धूर दुसऱ्याच्या गाळ्यातून निघू लागला एवढंच. अशी घट 'सुधारणा' म्हणून दाखवू नका, शेजारी टीप लिहा. तपासणारे लोक मोठी घट दिसली की आधी हाच प्रश्न विचारतात.

पाण्यात 'उपसा' आणि 'वापर' हे वेगळे शब्द आहेत, आणि शीटमध्ये दोन्ही ओळी एकाखाली एक असतात. आत आलेलं सगळं पाणी म्हणजे उपसा: एमआयडीसीचं बिल, टँकर, बोअर. त्यातून बाहेर सोडलेलं पाणी वजा केलं की राहतो तो वापर. दोन्ही ओळींत एकच आकडा टाकला तर बाहेर एक थेंबही सोडत नाही असा त्याचा अर्थ होतो, आणि मग एमपीसीबीच्या (राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) कन्सेंटमध्ये, म्हणजे परवान्यात, सांडपाण्याची मात्रा कशी काय, हा पुढचा प्रश्न येतो. टँकर 10,000 लिटरचा असेल तर 10 किलोलिटर. पावत्या नसतात ही खरी अडचण. गेटवरच्या रजिस्टरमध्ये टँकरची एक ओळ आजपासून सुरू करा. बोअरला मीटर बसवा. तोपर्यंत पंपाचे तास गुणिले क्षमता असा अंदाज द्या, आणि तो अंदाज आहे असं लिहा. अंदाज देण्यात काही चूक नाही, तो मोजलेला आकडा म्हणून दिला तर अंगाशी येतं.

कचऱ्यात प्रेस शॉपचा प्रश्न एकच असतो: पत्र्याचं भंगार धरायचं का? धरा, 'इतर बिगर-घातक' मध्ये, आणि पुनर्वापराला गेलं असं दाखवा. वजनकाट्याची पावती आणि विक्रीचं जीएसटी बिल असतंच, त्यामुळे शीटमधला सगळ्यात भक्कम आकडा हाच निघतो. मात्र एकदा धरलं की दरवर्षी धरा. एक वर्ष भंगार धरून आणि पुढचं वर्ष सोडून कचरा 90 टक्के कमी केल्याचा चमत्कार होत नसतो. घातक कचरा, म्हणजे कोटिंगआधीच्या प्रक्रियेचा गाळ, ईटीपीचा (सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेचा) गाळ, वापरलेलं तेल, यांचे आकडे मॅनिफेस्टवरून, म्हणजे कचरा पाठवतानाच्या कागदावरून घ्या.

इथे एक गोष्ट फार कमी जणांच्या लक्षात येते. हेच आकडे तुम्ही सरकारला आधीच दिलेले असतात. घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण, फॉर्म 4, 30 जूनपर्यंत आणि पर्यावरण विवरणपत्र, फॉर्म 5, 30 सप्टेंबरपर्यंत एमपीसीबीकडे जातं. ते बहुधा बाहेरचा सल्लागार भरतो आणि मागच्या वर्षीचेच आकडे थोडे इकडेतिकडे करून भरतो. शीटमध्ये 14 टन आणि फॉर्म 4 मध्ये 6 टन असं निघालं, तर हा घोळ ग्राहकापुरता राहत नाही. शीट भरायच्या आधी ते दोन्ही फॉर्म समोर ठेवा.

अपघातांचंही तसंच. बीआरएसआरमध्ये एलटीआयएफआर, म्हणजे काम बुडवणाऱ्या दुखापतींचा दर मागतात: काम बुडालेल्या दुखापती गुणिले 10 लाख, भागिले एकूण मनुष्यतास. 200 माणसं, 8 तास, 300 दिवस म्हणजे 4,80,000 तास. दुखापती 2, तर उत्तर 4.17. मनुष्यतासांत ओव्हरटाइम धरायचा. कंत्राटी कामगार वर आणि खाली दोन्हीकडे धरायचे. तास सगळ्यांचे आणि दुखापती फक्त कायम कामगारांच्या, असं केलं की आकडा सुंदर येतो पण टिकत नाही, कारण ईएसआयसीकडे (कामगार विमा महामंडळाकडे) गेलेले अपघात अहवाल तपासणारा मागू शकतो. पॉवर प्रेसवर काम करणाऱ्या शॉपने सलग पाच वर्षं शून्य लिहिलं तर कौतुक होत नाही, संशय येतो. दोन दुखापती लिहून त्यानंतर कोणत्या प्रेसला लाइट कर्टन (हात आत गेला की प्रेस थांबवणारा प्रकाशाचा पडदा) किंवा दोन-हाती बटण बसवलं ते एका ओळीत दिलं, तर जाणकार वाचणाऱ्याला ते जास्त पटतं.

पगाराचे प्रश्न सोपे आहेत: महिलांना दिलेलं एकूण वेतन भागिले सगळं वेतन. ग्रामीण-निमशहरी वेतनाचा एक प्रश्न मात्र लोकांना गोंधळात टाकतो. तिथे रिझर्व्ह बँकेचं वर्गीकरण लागतं: 10,000 पेक्षा कमी लोकसंख्या ग्रामीण, 1 लाखापर्यंत निमशहरी, 10 लाखांपर्यंत शहरी, त्यावर महानगरी. बघायचं ते कारखाना ज्या महसुली गावात आहे त्याची 2011 च्या जनगणनेची लोकसंख्या. पत्त्यावर 'पुणे' असलं म्हणून महानगरी होत नाही. शेजारचं निघोजे वेगळं, चाकण वेगळं. दहा किंवा जास्त माणसं असतील तर लैंगिक छळविरोधी अंतर्गत समिती लागतेच. तिथे 'होय' लिहिण्याआधी समितीच्या आदेशाची सही-तारखेची प्रत आणि बाहेरच्या सदस्याचं नाव फाइलमध्ये आहे ना, बघा. धोरणांच्या बाबतीत नेटवरून उतरवून घ्यायची सवय आहेच. मानवी हक्क धोरणात तिसऱ्या पानावर भलत्याच कंपनीचं नाव तसंच राहिलेलं असतं, आणि ते नेमकं ऑडिटरलाच दिसतं.

आता वृक्षारोपण. सीएसआर, म्हणजे कंपन्यांना कायद्याने करावा लागणारा सामाजिक खर्च, ही कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 खालची वेगळी गोष्ट आहे. मागच्या आर्थिक वर्षात निव्वळ मालमत्ता 500 कोटी, किंवा उलाढाल 1,000 कोटी, किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यातलं काही एक गाठलं तर आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्च करावा लागतो. 40 कोटींच्या उलाढालीत 5 कोटी नफा नसेल तर तुम्ही करता तो दानधर्म आहे, सीएसआर नव्हे. आणि शीटमध्ये 'सीएसआर बंधनकारक आहे का' ला 'नाही' लिहायचं. नफा 5 कोटींवर गेलाच, तर 2021 पासूनचे नियम कडक आहेत हे ध्यानात ठेवा: काम करणाऱ्या संस्थेची सीएसआर-1 नोंदणी हवी, प्रशासकीय खर्च 5 टक्क्यांच्या आत हवा. चालू प्रकल्पाची न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून 30 दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकायची, बाकीची सहा महिन्यांत ठरलेल्या सरकारी निधीत. 50 लाखांपर्यंत बंधन असेल तर समिती नेमावी लागत नाही. रोपं लावली असतील तर सामाजिक उपक्रमांच्या रकान्यात किती लावली, किती जगली, खर्च किती एवढं लिहा. ती उत्सर्जनातून वजा करू नका. 380 टनांतून 200 रोपं वजा केलेली दिसली, की वाचणारा बाकीच्या आकड्यांकडेही त्याच नजरेने बघतो.

'पर्यावरणपूरक कोटिंग', 'कार्बन न्यूट्रल कारखाना' असे शब्द वेबसाइटवर असतील तर त्यांचा आधार तपासा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर 2024 मध्ये फसव्या पर्यावरणीय दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. मोघम विशेषणाला आता पुरावा लागतो. मोठ्या कंपन्यांच्या अहवालांतही अलीकडे मोठ्या घोषणा कमी आणि तळटिपा जास्त दिसतात, त्यामागे हेही एक कारण असावं.

युरोपचा दबाव किती खरा, हेही नीट समजून घ्या, कारण त्या नावाने बरंच काही खपवलं जातं. तिथला सीएसआरडी, म्हणजे कंपन्यांच्या शाश्वतता अहवालांचा कायदा, 2025 मध्ये खूप छाटला गेला. फेब्रुवारीत प्रस्ताव आला, आणि डिसेंबरमध्ये 1,000 पेक्षा जास्त कर्मचारी आणि 45 कोटी युरोंपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांपुरताच तो ठेवायचं ठरलं. सीबीएएम, म्हणजे आयात मालावरचा युरोपचा कार्बन कर, मात्र 1 जानेवारी 2026 पासून पैशांसह लागू आहे. त्यात लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं, वीज आणि हायड्रोजन येतात. नट-बोल्ट, स्क्रू यांसारखा पोलादी माल त्यात आहे. सीमाशुल्काच्या यादीत प्रकरण 87 खाली जाणारे वाहनांचे सुटे भाग मूळ यादीत नाहीत. म्हणून कोणी 'सीबीएएम आलंय, लगेच सर्टिफिकेट घ्या' म्हणत आलं, तर आधी तुमच्या मालाचा एचएस कोड (त्या यादीतला क्रमांक) काढा. थेट युरोपला निर्यात नसेल तर तो प्रश्न सध्या तुमचा नाही.

एक सावधगिरी धंद्याची. काही शीटमध्ये 'प्रति नग वीज' किंवा 'प्रति नग पत्रा' असे रकाने असतात. हेच आकडे खरेदी विभागाच्या कॉस्ट शीटमध्ये गेले तर पुढच्या दर बैठकीत ते तुमच्यासमोर येतात. एकूण कारखान्याचा आकडा आणि त्यांच्या वाट्याचा आकडा द्या. प्रति नग माहिती मागितलीच, तर गोपनीयतेचा करार असल्याशिवाय देऊ नका. शीटसोबत येणाऱ्या सप्लायर कोडवर, म्हणजे पुरवठादारांसाठीच्या नियमावलीवर, सही करण्याआधी त्यात अचानक ऑडिटचा हक्क आणि त्याचा खर्च कोणावर टाकलाय ते वाचा. वाटा काढताना उलाढालीची टक्केवारी सोपी पडते, पण त्यांच्या मालाला कोटिंग लागत नसेल तर ओव्हनच्या एलपीजीचाही वाटा उगाच त्यांच्या माथी मारला जातो. ओव्हन आणि कॉम्प्रेसरला सब-मीटर बसवले की हा वाद मिटतो, आणि गळती कुठे आहे तेही सापडतं.

कन्सल्टंट लागतो का? या आकाराला पहिल्या वर्षी नाही. एक एक्सेल पुरे: एप्रिल ते मार्च बारा ओळी, आणि रकाने बिल क्रमांक, मात्रा, एकक, बिलाचा कालावधी, फाइल कुठे, नोंद कोणाची. बिल 12 मार्च ते 11 एप्रिलचं असेल तर दिवसांच्या प्रमाणात विभागा किंवा दरवर्षी तीच बारा बिलं घ्या, पण पद्धत एकच ठेवा. शीट पाठवताना सोबत अर्ध्या पानाची टीप जोडा: कोणते गाळे धरले, कंत्राटी कामगार धरले का, ग्रिडचा गुणक कोणत्या वर्षाचा, अंदाज कुठे आहे, आणि गेल्या वर्षीचा एखादा आकडा दुरुस्त केला असेल तर का. ऑडिटर फोन करतो तो बहुतेक या पाच गोष्टींसाठीच.